गोठ्यात एवढा अंधार कशाला?

चित्र पाहताना : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बरोक काळातल्या, म्हणजे साधारण सतराव्या शतकातल्या युरोपातल्या, येशूजन्माच्या चित्रांवर लिहिलं आणि टपालाची पिशवी फुगली. कौतुकाची पत्रं बाजूला ठेवली आहेत, त्यांना उत्तर लागत नाही. तक्रारी मात्र सगळ्या वाचल्या. बहुतेकांचं म्हणणं एकच: चित्रं फार काळी आहेत. पत्रं लांबलचक होती, ती आवरून घेतली आहेत आणि नावं गाळली आहेत.

प्रश्न : इटालियन चित्रकार कारावाज्जोच्या मेस्सिनामधल्या चित्राचं तुम्ही भरभरून वर्णन केलंत, म्हणून मी ते घरी मोठ्या पडद्यावर पाहिलं. वरचं अर्धं चित्र रिकामं! येशूची आई मरिया जमिनीवर कलंडलेली. देवदूत नाहीत, तारा नाही, कुणाच्या चेहऱ्यावर हसू नाही. जन्माचा आनंद कुठे गेला? की चित्र अर्धवटच राहिलं आहे? (एक निवृत्त शिक्षिका)

उत्तर : बाई, चित्र पुरतं झालेलं आहे. सिसिलीतल्या मेस्सिना शहराच्या सेनेटने ते १६०९ मध्ये कापुचिन संन्याशांच्या चर्चसाठी करून घेतलं. ‘मेंढपाळांचं वंदन’ हा त्याचा विषय. उंची ३१४ सेंटीमीटर आणि रुंदी २११, म्हणजे उभ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट उंच. हे माप आधी लक्षात घ्या, कारण पडद्यावर सगळं चित्र एका नजरेत येतं आणि तिथेच घोटाळा होतो. वेदीवरचं चित्र खालून बघायचं असतं. गुडघे टेकून बसलेल्या माणसासमोर चित्राचा खालचा भाग येतो, आणि कारावाज्जोने जे काही मांडलं आहे ते सगळं त्याच भागात आहे. वर गोठ्याच्या फळ्या, वासे आणि काळोख. तो काळोख बघणाऱ्याच्या डोक्यावर येतो. बघणारा त्यामुळे आपोआप गोठ्याच्या आत जातो.

अर्धवट नाही याचा आणखी एक पुरावा त्याच दालनात आहे. ‘लाजारसचं पुनरुत्थान’ हे त्याचं मेस्सिनाचंच दुसरं चित्र या चित्रासोबत त्याच संग्रहालयात आहे. त्याचाही वरचा भाग असाच मोकळा. त्याआधी सिराकूजाला केलेल्या ‘संत लुचियाचं दफन’मध्ये तर माणसांच्या डोक्यावर नुसती भिंतच भिंत. सिसिलीतल्या त्या काळात माणसं खाली ठेवायची आणि वर भलीमोठी जागा सोडायची, ही त्याची रीतच झाली होती.

आता मरियेकडे वळू. तुम्हाला ती कलंडलेली दिसली, ते अगदी बरोबर पाहिलंत. ही बाळंतीण आहे. लाल कपड्यातली, गव्हाणीला टेकून गवतावर पडलेली, बाळाला दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. बाळाने हात वर करून तिच्या चेहऱ्यापाशी नेला आहे आणि दोघांचे चेहरे एकमेकांना जवळजवळ चिकटले आहेत. तिची नजर बघणाऱ्याकडे नाही, आलेल्या पाहुण्यांकडेही नाही. जुन्या शिकवणीनुसार मरियेला प्रसूतीच्या वेदना झाल्याच नाहीत, त्यामुळे चौदाव्या शतकानंतर युरोपातले चित्रकार तिला बाळासमोर गुडघे टेकलेली, हात जोडलेली, टवटवीत अशी दाखवत. थकून आडवी झालेली मरिया दाखवणं सोळाव्या शतकातल्या काही धर्मपंडितांना मुळीच मान्य नव्हतं. पूर्वेकडच्या जुन्या प्रतिमांत ती आडवी दिसते हे खरं, पण तिथे तिच्या अंगाखाली नीट अंथरूण असतं. कारावाज्जोने ते काढून घेतलं आणि तिला भुईवर आणलं. कापुचिन म्हणजे फ्रान्सिसकन संघातली दारिद्र्याचं व्रत फार कडकपणे पाळणारी शाखा. त्यांच्या वेदीवर सोनेरी पंखांच्या देवदूतांचा थवा शोभला नसता.

कारावाज्जो तेव्हा फरारी होता. १६०६ मध्ये रोममध्ये त्याच्या हातून खून झाला, १६०८ मध्ये तो माल्टाच्या कैदेतून निसटला आणि १६१० च्या जुलैमध्ये त्याचा मृत्यू झाला. म्हणून या चित्रात त्याची भीती, त्याचा पश्चात्ताप शोधायची फॅशन आहे. मला ती पटत नाही. चित्र मागणारे ठरलेले होते, विषय ठरलेला होता आणि जागाही ठरलेली होती. चित्रकाराच्या अंगावर खुनाचा आरोप आहे म्हणून त्याच्या प्रत्येक सावलीला त्याचा कबुलीजबाब मानायचं कारण नाही.

तुमच्या आनंदाच्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की उजवीकडच्या माणसांचे हात बघा. मरियेचा सुतार नवरा योसेफ आणि तीन मेंढपाळ, त्यांच्या डोक्यांची एक तिरकी उतरंड झाली आहे, ती थेट बाळापर्यंत उतरते. एका मेंढपाळाचा खांदा उघडा आहे आणि त्याने हात जोडले आहेत. हसत कुणीच नाही. रात्रीच्या वेळी बाळंतिणीच्या खोलीत शिरलेली परकी माणसं हसत नाहीत, ती आवाज न करता उभी राहतात. एवढं बघून झालं की खाली डाव्या कोपऱ्यात या. एक टोपली आहे. तीत पांढरं फडकं, पाव आणि सुताराची हत्यारं. घाईने घर सोडून निघालेल्या सुताराचा सगळा संसार. मेस्सिनाला त्या चित्रासमोर उभी होते तेव्हा बाकीचं सगळं सोडून मी या टोपलीपाशीच रेंगाळले. त्या फडक्याचा पांढरा रंग आणि बाळाच्या अंगावरचा उजेड एकमेकांना उत्तर देतात, आणि मधे नुसता तपकिरी अंधार. छापील चित्रात हे कधीच दिसत नाही.

प्रश्न : एकच चित्र इंटरनेटवर एका ठिकाणी उजळ दिसतं, दुसऱ्या ठिकाणी काळं ठिक्कर. खरं कोणतं धरायचं?

उत्तर : बहुतेक वेळा दोन्ही नाही. छायाचित्र टाकणारा आपल्या मर्जीने उजेड वाढवतो, कारण लोकांना तपशील हवे असतात. सावलीतली प्रत्येक फळी दिसू लागली की समजा, कुणीतरी हात मारला आहे. संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचं चित्र त्यातल्या त्यात भरवशाचं.

पण मूळ चित्रंही रंगवली त्या दिवशी होती तशी राहिलेली नाहीत. दोन कारणं. एक, वरचं वॉर्निश काळाने पिवळं, मग तपकिरी होतं. ते जाणकार माणूस काढू शकतो. दुसरं कारण आतलं आहे आणि त्यावर इलाज नाही. सतराव्या शतकातले बरेच चित्रकार कापडावर आधी तांबूस किंवा तपकिरी अस्तर देत. उजेडाच्या जागी वर जाड रंग चढे, सावलीच्या जागी अगदी पातळ. तेलरंग जुना होत गेला की जास्त पारदर्शक होतो, त्यामुळे पातळ जागी खालचं गडद अस्तर वर डोकावू लागतं आणि सावल्या आणखी खोल जातात. उजेडाच्या जागा मात्र शाबूत राहतात. चित्रकाराने केलेल्या अंधारात काळानेही थोडी भर घातली आहे, असं धरून चाला.

प्रश्न : बैल आणि गाढव बायबलमध्ये आहेत का? आमच्याकडे यावरून वाद झाला.

उत्तर : लूकच्या वृत्तान्तात बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, उतारशाळेत जागा नव्हती, एवढंच आहे. जनावरं नाहीत. बैल आपला धनी ओळखतो आणि गाढव आपल्या धन्याची गव्हाण ओळखतं, अशा अर्थाचं वचन बायबलच्या जुन्या करारात, यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात आहे, तिथून ही जोडी गोठ्यात आली. वादात जो कुणी ‘नाहीत’ म्हणत होता त्याला चहा पाजा.

प्रश्न : काही चित्रांत प्रकाश बाळाच्या अंगातूनच येतो, काहींत मेणबत्ती असते, आणि कारावाज्जोकडे तर दिवाच दिसत नाही. याला काही नियम होता का?

उत्तर : नियम नव्हता, पण एक गोष्ट होती आणि ती सगळ्यांना माहीत होती. स्वीडनची संत ब्रिजिट १३७२ मध्ये बेथलेहेमला गेली आणि तिथे तिला येशूजन्माचं दर्शन घडलं. तिने सांगितलं ते असं: योसेफाने पेटती मेणबत्ती आणली होती, पण बाळ जन्मताच त्याच्यातून असा प्रकाश पसरला की मेणबत्तीचा उजेड कुठल्या कुठे फिका पडला. मरिया गुडघे टेकून प्रार्थना करत होती आणि बाळ जमिनीवर होतं. चित्रकारांना याहून चांगलं काय हवं? विषय पवित्र आणि वर कसब दाखवायची संधी. कोरेज्जोचं ‘पवित्र रात्र’ हे चित्र, साधारण १५३० चं, आता ड्रेस्डेनला आहे. त्यात बाळाचा प्रकाश इतका प्रखर आहे की एक बाई डोळ्यांवर हात धरते.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचा चित्रकार हेरिट फान होन्टहोर्स्ट तरुणपणी रोमला गेला, कारावाज्जोची चित्रं बघून आला आणि रात्रीच्या प्रसंगांत एवढा रमला की इटालियन लोक त्याला ‘रात्रींचा घेरार्दो’ म्हणू लागले. त्याचं कोलोनमधलं १६२२ चं चित्र बघा. मरिया पांढरं कापड दोन्ही हातांनी उघडून बाळ दाखवते आणि भोवतीचे चेहरे खालून उजळतात. मेंढपाळ चक्क हसतात. पहिल्या पत्रातल्या बाईंना हे चित्र नक्की आवडेल. मला ते थोडं गोड वाटतं, पण त्या कापडाची कड फार सुरेख रंगवली आहे.

कारावाज्जोने हा सगळा मामला बाजूला ठेवला. त्याच्याकडे उजेड चौकटीबाहेरून, तिरका येतो. कुठून, हे तो सांगत नाही. बाळ प्रकाश देत नाही, त्याच्यावर प्रकाश पडतो. इतरांवर पडतो तसाच.

आणि मग आजच्या फ्रान्समधल्या लोरेनचा चित्रकार जॉर्ज द ला तूर. त्याने खरीखुरी मेणबत्ती पेटवली आणि लपवली. फ्रान्समधल्या रेन शहराच्या संग्रहालयात ‘नवजात बाळ’ नावाचं त्याचं चित्र आहे, साधारण १६४८ चं. आकाराने लहान, रुंदी एक मीटरही नाही. दोन बायका आणि घट्ट गुंडाळलेलं बाळ, बस. डावीकडच्या बाईने मेणबत्तीपुढे तळहात धरला आहे. ज्योत आपल्याला दिसत नाही. दिसतात ती उजेड अडवणारी बोटं आणि पलीकडे उजळलेलं बाळाचं कपाळ, मिटलेल्या पापण्या, नाकाचा इवलासा शेंडा. कुणाच्याही डोक्यामागे प्रभावळ नाही. ही मरिया की कुठलीही आई, हे चित्र सांगत नाही. हे चित्र पुष्कळ काळ दुसऱ्याच चित्रकारांच्या नावावर होतं. १९१५ मध्ये हेर्मान फॉस या जर्मन अभ्यासकाने ते ला तूरचं असल्याचं दाखवून दिलं, तेव्हा कुठे विस्मरणात गेलेला हा माणूस पुन्हा लोकांसमोर आला.

प्रश्न : मॅम, मी कलाशाखेच्या पहिल्या वर्षाला आहे. ला तूरसारखा मेणबत्तीचा उजेड रंगवायचा प्रयत्न करतोय, पण चेहरे राखेचे झाल्यासारखे दिसतात. काय चुकतंय?

उत्तर : तुझी काळ्या रंगाची ट्यूब कुठे आहे? ती आधी ड्रॉवरमध्ये टाक. सावलीसाठी तू रंगात काळा मिसळतोयस, म्हणून राख होते. कॅनव्हास आधी तपकिरी कर, पूर्ण वाळू दे, आणि सावली म्हणून तो तपकिरीच जागच्या जागी राहू दे. रंगवायचा तो फक्त उजेड. त्या काळी यासाठी शिशाचा सफेदा वापरत. तो विषारी असतो, तू टायटॅनियम व्हाइटवर भागव, पण त्यात पिवळा आणि थोडा तांबडा घातल्याशिवाय कॅनव्हासला लावू नकोस. नुसता पांढरा थंड पडतो.

दुसरं, ज्योत रंगवण्याच्या नादी लागू नकोस. पांढऱ्या रंगाहून जास्त उजेड कॅनव्हासवर आणता येत नाही, त्यामुळे ज्योत दाखवली की बाकी सगळं तिच्यापेक्षा मंद ठेवावं लागतं आणि चेहरे मरतात. ला तूरने हात आडवा धरला त्यामागे भक्ती असेल, पण पक्कं व्यावसायिक शहाणपणही आहे. एक सफरचंद, एक मेणबत्ती आणि मधे तुझा स्वतःचा हात, एवढं मांडून आधी अभ्यासचित्रं कर. चेहऱ्यांकडे नंतर ये.

प्रश्न : पालेर्मोहून चोरीला गेलेलं कारावाज्जोचं येशूजन्माचं चित्र सापडलं, असं कुठेतरी वाचलं. खरं आहे का?

उत्तर : सापडलेलं नाही. पालेर्मोच्या सान लोरेन्झो प्रार्थनागृहात वेदीवर हे चित्र होतं. ‘संत फ्रान्सिस आणि संत लॉरेन्स यांच्यासह येशूजन्म’, साधारण २६८ बाय १९७ सेंटीमीटर. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये एका रात्री चोर आत शिरले, त्यांनी कापड चौकटीतून पात्याने कापलं आणि नेलं. त्यानंतर माफियातून फुटलेल्या माणसांनी वेगवेगळ्या जबान्या दिल्या. एक म्हणतो उंदीर-डुकरांनी खाल्लं, दुसरा म्हणतो जळालं, तिसरा म्हणतो स्वित्झर्लंडच्या व्यापाऱ्याला विकलं. एकमेकांशी न जुळणाऱ्या साक्षींवर मी तरी काही बांधणार नाही. अमेरिकेच्या एफबीआयच्या सर्वांत मोठ्या कलाचोऱ्यांच्या यादीत ते आजही आहे.

तुम्ही जे वाचलं असेल ते प्रतिकृतीबद्दल. चोरीच्या आधी घेतलेल्या छायाचित्रांवरून माद्रिदच्या फाक्तुम आर्ते या कार्यशाळेने हुबेहूब प्रत तयार केली आणि २०१५ च्या डिसेंबरमध्ये इटलीचे राष्ट्रपती सेर्जो मात्तारेल्ला यांच्या उपस्थितीत ती त्याच वेदीवर बसवली. मात्तारेल्ला स्वतः पालेर्मोचे.

दोन संत त्या गोठ्यात काय करतात, असं आणखी एका पत्रात विचारलं आहे. लॉरेन्स तिसऱ्या शतकातला, फ्रान्सिस तेराव्या. ज्यांची वेदी त्यांचे संत चित्रात घ्यायचे, काळवेळ बघायची नाही, असा रिवाज होता. फ्रान्सिसचा हक्क तर थोडा जास्तच, कारण १२२३ मध्ये ग्रेच्चो गावी खरं गवत आणि खरी जनावरं आणून त्याने येशूजन्माचा देखावा उभा केला होता.

माफियाने आणखी एका ‘मेंढपाळांच्या वंदना’चा बळी घेतला आहे. १९९३ च्या २७ मे रोजी फ्लोरेन्सला उफित्सी संग्रहालयाशेजारच्या गल्लीत त्यांनी गाडीत बॉम्ब ठेवला. पाच माणसं गेली. होन्टहोर्स्टचं याच विषयावरचं मोठं वेदीचित्र आत होतं, त्याच्या चिंध्या झाल्या. त्या पाच जणांपुढे चित्राचं दुःख करायला जीभ रेटत नाही.

प्रश्न : बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांपैकी एक कृष्णवर्णीय का असतो? आणि या विषयावरचं लहान मुलांना दाखवावं असं एखादं चित्र सांगा. मेस्सिनाचं दाखवलं तर माझी नातवंडं झोपली.

उत्तर : बायबलमधल्या मत्तयाच्या वृत्तान्तात ते राजे नाहीत, पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ज्ञानी लोक आहेत, आणि तीन हा आकडाही नाही. सोनं, ऊद आणि गंधरस अशा तीन भेटी आहेत, त्यावरून लोकांनी माणसं मोजली. पुढे हे तिघे तेव्हा माहीत असलेल्या तीन खंडांचे, युरोप, आशिया आणि आफ्रिकेचे प्रतिनिधी मानले गेले, म्हणून एक आफ्रिकन.

नातवंडांसाठी माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातलं फ्लेमिश चित्रकार रुबेन्सचं ‘मागींचं वंदन’ काढा. १६०९ मध्ये अँटवर्पच्या नगरभवनासाठी केलेलं. स्पेन आणि डच प्रांतांमधल्या बारा वर्षांच्या युद्धबंदीचा करार त्याच शहरात झाला, त्या निमित्ताने. तीन वर्षांत नगरपालिकेने ते रोद्रिगो काल्देरोन या स्पॅनिश दरबाऱ्याला भेट देऊन टाकलं. काल्देरोनला १६२१ मध्ये देहदंड झाला आणि चित्र राजाकडे गेलं. १६२८-२९ मध्ये रुबेन्स माद्रिदला आला, वीस वर्षांपूर्वीचं आपलंच चित्र त्याला तिथे भेटलं, आणि त्याने काय करावं? वरच्या बाजूला आणि उजवीकडे कापड जोडून ते वाढवलं, आणि वाढवलेल्या भागात घोड्यावर बसलेला स्वतःला रंगवला, कमरेला तलवार आणि गळ्यात सोन्याची साखळी. आता चित्र जवळजवळ पाच मीटर रुंद आहे. मुलांना आधी जोड शोधायला सांगा, मग चित्रकार. झोपणार नाहीत, त्यात उंटही आहेत.